एका खुणेचा अर्थ : व्हर्जिनियाच्या ९४व्या मतदारसंघाची निवडणूक

लिखित चिन्हाचा अर्थ कसा ठरवावयाचा, हा प्रश्न सामान्यतः ताम्रपटांच्या वाचकांना, हस्तलिखितांच्या संपादकांना आणि कायद्याच्या भाष्यकारांना पडतो. त्याचे उत्तर चुकले तर एखादा पाठ चुकतो, एखादे भाष्य मागे घ्यावे लागते. जगाचे व्यवहार मात्र त्यामुळे फारसे अडत नाहीत. २०१७ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात हाच प्रश्न तीन न्यायाधीशांपुढे आला, तेव्हा त्याच्या उत्तरावर राज्याच्या प्रतिनिधिगृहातील बहुमत अवलंबून होते. वाचावयाचा मजकूर म्हणजे एका अज्ञात मतदाराची एक मतपत्रिका, आणि वादाचा विषय म्हणजे तिच्यावरील एक तिरपी रेघ. या निवडणुकीची हकीकत राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. परंतु अर्थनिर्णयाच्या दृष्टीने तिच्यात जे आहे त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

प्रथम विधिमंडळाची थोडी ओळख करून घेणे अवश्य आहे. व्हर्जिनियाचे विधिमंडळ आपला उगम १६१९ साली जेम्सटाउन येथे भरलेल्या सभेत शोधते. त्याच्या कनिष्ठ गृहात १०० प्रतिनिधी असतात, ते दोन वर्षांकरिता निवडले जातात, आणि ही निवडणूक विषम वर्षी, म्हणजे अध्यक्षीय निवडणुकीच्या गदारोळापासून दूर, होते. शंभर प्रतिनिधींकरिता शंभर मतदारसंघ. त्यांपैकी ९४वा मतदारसंघ २०१७ साली न्यूपोर्ट न्यूज या शहराच्या एका भागाचा बनलेला होता. जेम्स नदी जेथे समुद्राला मिळते तेथे वसलेले हे शहर जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध असून अमेरिकेच्या नौदलाची अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू जहाजे येथेच बांधली जातात.

येथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. आपण ज्याला ‘मतदारसंघ’ म्हणतो त्याला अमेरिकन इंग्रजीत ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधून आलेला आहे. त्याच्या मुळाशी आवळणे, सक्ती करणे हा अर्थ असून एखाद्या सरदाराचा अंमल जेवढ्या भूमीवर चालतो तेवढी भूमी, असा तो पुढे स्थिरावला. मराठीतील ‘जिल्हा’ हा शब्दही मुळात अरबीतील बरगडी किंवा बाजू या अर्थाच्या शब्दापासून निघालेला, म्हणजे अखेर भूमीचाच वाचक आहे. उलट ‘मतदारसंघ’ या शब्दात भूमी कोठेच नाही. त्यात आहेत ती मते देणारी माणसे आणि त्यांचा समुदाय. संकल्पनेच्या दृष्टीने मराठी शब्द अधिक अचूक आहे असे म्हणावे लागते, कारण प्रतिनिधित्व माणसांचे होते, जमिनीचे होत नाही. मात्र व्यवहारात पाहिले तर महाराष्ट्रातील विधानसभेचे २८८ मतदारसंघ गावांच्या, शहरांच्या व पेठांच्या नावांनी ओळखले जातात आणि त्यांचा क्रमांक निवडणूक कार्यालयाबाहेर क्वचितच कोणाच्या ध्यानात राहतो. व्हर्जिनियात मात्र भूमिवाचक शब्द वापरूनही मतदारसंघाला भूमीचे नाव नाही, केवळ आकडा आहे. या आकड्याचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

७ नोव्हेंबर २०१७ रोजी मतदान झाले. ९४व्या मतदारसंघात २०११ सालापासून निवडून येत असलेले रिपब्लिकन पक्षाचे डेव्हिड यान्सी आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमंड्स यांच्यात मुख्य लढत होती. सायमंड्स या शहराच्या शिक्षण मंडळाच्या सदस्य होत्या व २०१५ सालीही त्यांनी यान्सी यांच्याविरुद्ध निवडणूक लढवून पराभव पत्करला होता. तिसऱ्या एका लहान पक्षाच्या उमेदवारालाही सहाशेहून अधिक मते मिळाली. अधिकृत मोजणीअखेर सुमारे चोवीस हजार मतांत यान्सी दहा मतांनी पुढे होते.

एरवी दहा मतांच्या या फरकाची स्थानिक वृत्तपत्रांपलीकडे कोणी दखल घेतली नसती. तथापि त्या वर्षी राज्यभर वारे फिरलेले होते. निवडणुकीपूर्वी प्रतिनिधिगृहात रिपब्लिकनांचे ६६ आणि डेमोक्रॅटांचे ३४ सदस्य होते. निवडणुकीत डेमोक्रॅटांनी १५ जागा हिसकावून घेतल्या आणि ९४व्या जागेचा निर्णय बाजूला ठेवला तर रिपब्लिकनांचे पन्नास व डेमोक्रॅटांचे एकोणपन्नास अशी स्थिती झाली. सायमंड्स विजयी झाल्या तर पन्नास-पन्नास अशी बरोबरी होऊन सभापतिपद, समित्या आणि विधेयकांचा क्रम या साऱ्यांविषयी दोन्ही पक्षांना वाटाघाटी करणे भाग पडणार होते. यान्सी विजयी झाले तर एका सदस्याच्या आधिक्याने का होईना, रिपब्लिकनांची सत्ता राहणार होती. या सत्तेशी एक अत्यंत मूर्त प्रश्न निगडित होता. अल्प उत्पन्नाच्या लोकांना सरकारी खर्चाने वैद्यकीय उपचार देणाऱ्या ‘मेडिकेड’ योजनेचा विस्तार करावयाचा की नाही, यावर व्हर्जिनियात कित्येक वर्षे झगडा चालला होता. डेमोक्रॅट राज्यपाल विस्तार मागत होते आणि रिपब्लिकन प्रतिनिधिगृह तो अडवून धरीत होते. विस्ताराचा लाभ सुमारे चार लाख लोकांना मिळेल असा अंदाज होता.

फेरमोजणी १९ डिसेंबर रोजी झाली. तिची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. मतपत्रिका पुन्हा यंत्रातून जातात. परंतु ज्या पत्रिकांवर यंत्राला एकही खूण स्पष्ट दिसत नाही, किंवा एकाच पदाकरिता एकाहून अधिक खुणा दिसतात, त्या बाजूला काढून माणसांच्या हाती दिल्या जातात. मोजणीच्या मेजावर दोन्ही बाजूंनी सुचविलेले अधिकारी बसतात आणि प्रत्येक पत्रिकेविषयी त्यांचे एकमत व्हावे लागते. या मोजणीअखेर सायमंड्स यांना ११,६०८ आणि यान्सी यांना ११,६०७ मते पडल्याचे निष्पन्न झाले. एका मताने निवडणूक उलटली.

दुसऱ्या दिवशी, २० डिसेंबरला, फेरमोजणीवर देखरेख करणाऱ्या तीन न्यायाधीशांपुढे हा निकाल केवळ शिक्कामोर्तबाकरिता यावयाचा होता. तेवढ्यात रिपब्लिकन बाजूने नेमलेल्या एका मोजणी अधिकाऱ्याचे पत्र न्यायालयापुढे आले. आदल्या दिवशी बाद धरलेली एक मतपत्रिका वस्तुतः यान्सी यांच्या बाजूने धरावयास हवी होती, असे त्यात म्हटले होते. न्यायाधीशांनी ती पत्रिका मागविली, तिच्यावर विचार केला आणि ते मत यान्सी यांचे ठरविले. दोघांचीही मते ११,६०८ झाली.

आता त्या पत्रिकेकडे वळू. व्हर्जिनियातील मतदाराने उमेदवाराच्या नावापुढील लहानसे लंबवर्तुळ शाईने भरावयाचे असते. या मतदाराने यान्सी यांच्यापुढील वर्तुळ भरले होते आणि सायमंड्स यांच्यापुढीलही भरले होते. सायमंड्स यांच्या भरलेल्या वर्तुळावर आणखी एक तिरपी रेघ ओढलेली होती. याच पत्रिकेवर राज्यपालपदाकरिता रिपब्लिकन उमेदवार एड गिलेस्पी यांच्यापुढील वर्तुळ भरलेले होते आणि त्याही भरलेल्या वर्तुळावर फुलीसारखी जादा खूण होती. राज्यव्यापी इतर पदांकरिताही मतदाराने रिपब्लिकन उमेदवार निवडले होते.

या रेघेचे तीन अर्थ संभवतात. पहिला, रेघ म्हणजे खोडणे: मतदाराने चुकून सायमंड्स यांचे वर्तुळ भरले, चूक ध्यानात येताच ते खोडले आणि मग यान्सी यांचे भरले. दुसरा, रेघ म्हणजे ठसविणे: आधी यान्सी यांचे वर्तुळ भरले गेले, नंतर मन पालटले, आणि ‘माझे खरे मत हे’ असे दाखविण्याकरिता सायमंड्स यांच्या वर्तुळावर जादा खूण केली. तिसरा अर्थ असा की रेघेला निश्चित अर्थ नाही. दोन मते पडली असल्यामुळे पत्रिका संदिग्ध आणि म्हणून बाद. मोजणीच्या मेजावर दोन्ही पक्षांच्या अधिकाऱ्यांनी एकमताने तिसरा अर्थ घेतला होता. न्यायालयाने पहिला घेतला. दुसऱ्या अर्थासाठी कोणी आग्रह धरला नाही, तथापि तो संभवतो ही गोष्टच तिसऱ्या अर्थाला बळ देणारी होती.

अर्थनिर्णयाची साधने कोणती, याचा विचार भारतीय परंपरेत फार प्राचीन काळापासून झालेला आहे. अनेकार्थक शब्दाचा प्रस्तुत अर्थ कोणता हे ठरविण्याची साधने भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात एकत्र दिली आहेत. त्यांत संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, लिंग यांचा समावेश आहे. ‘सैंधव’ आणावयास सांगितले तर जेवणाच्या प्रसंगी मीठ आणावयाचे आणि प्रयाणाच्या प्रसंगी घोडा, हे प्रकरणाचे नेहमीचे उदाहरण. ‘राम’ हा शब्द लक्ष्मणाच्या जोडीला आला की तो परशुराम किंवा बलराम नसून दाशरथी राम, हे साहचर्याने कळते. व्हर्जिनियाच्या न्यायाधीशांनी भर्तृहरीचे नाव ऐकलेले असण्याचा संभव नाही. परंतु त्यांनी जे केले ते साहचर्याने अर्थ ठरविण्याहून निराळे नव्हते. पत्रिकेवर गिलेस्पी आहेत, त्यांच्या पक्षाचे इतर उमेदवार आहेत. मग त्यांच्या जोडीला यान्सीच असणार, आणि सायमंड्स यांच्यावरील रेघ ही खोडणारीच असणार.

हा युक्तिवाद प्रथमदर्शनी पटण्यासारखा आहे, आणि सामान्य वाचक म्हणून पाहणाऱ्या बहुतेकांना तो पटेलही. रेघ ओढून खोडणे हा लिहिणाऱ्या हाताचा सार्वत्रिक परिपाठ आहे. ठसविण्याकरिता मनुष्य अधोरेखा काढतो, बाण काढतो, क्वचित दोनदा गिरवतो. तथापि गिलेस्पी यांच्या वर्तुळावरील फुली या वाचनाच्या आड येते. जादा खूण म्हणजे खोडणे असा या लेखणीचा नियम मानला तर गिलेस्पी यांचे मतही खोडले गेले असे म्हणावे लागेल, आणि मग पक्षाच्या साहचर्याचा मुख्य आधारच निसटेल. गिलेस्पी यांच्यावरील फुली ठसविणारी मानली तर त्याच हाताची सायमंड्स यांच्यावरील रेघ खोडणारीच का मानावयाची, हा प्रश्न उरतो. सायमंड्स यांच्या वकिलांनी नेमके यावरच बोट ठेवले होते. यावर असे उत्तर देता येईल की फुली आणि रेघ ही दोन भिन्न चिन्हे आहेत, आणि राज्यपालपदाच्या जागी दुसरे वर्तुळ भरलेले नसल्यामुळे तेथे खोडण्याचा अर्थ घेतल्यास मतदाराचे तेथले म्हणणेच शून्यवत् होते. हे उत्तर चतुर आहे. परंतु ज्या मतदाराच्या हस्ताक्षराचे केवळ दोन नमुने उपलब्ध आहेत त्याच्या चिन्हव्यवस्थेत फुली आणि रेघ यांचा भेद अर्थभेदक आहे असे ठरविणे, हे दोन शब्दांवरून एखाद्या भाषेचा वर्णविचार सांगण्यासारखे आहे.

याहून अधिक मूलगामी आक्षेप मीमांसेच्या परिभाषेत मांडता येतो. मीमांसकांनी ‘एकवाक्यता’ आणि ‘वाक्यभेद’ यांचा भेद बारकाईने केला आहे. अनेक पदे मिळून एकच प्रयोजन सिद्ध करीत असतील तर ते एक वाक्य. प्रयोजने भिन्न असतील तर वाक्ये भिन्न, आणि एका वाक्यातील पद दुसऱ्या वाक्याच्या अर्थासाठी मनःपूत ओढून आणता येत नाही. मतपत्रिका हे एक वाक्य आहे की अनेक वाक्यांचा समूह? कायद्याच्या दृष्टीने ती निःसंशय अनेक वाक्यांचा समूह आहे. राज्यपाल, नायब राज्यपाल, महान्यायवादी, प्रतिनिधी यांची पदे स्वतंत्र, त्यांची मोजणी स्वतंत्र, आणि एकासाठी एका पक्षाचा व दुसऱ्यासाठी दुसऱ्या पक्षाचा उमेदवार निवडण्याचा मतदाराचा अधिकार निर्बाध. हा अधिकार मान्य करावयाचा आणि संदिग्धता येताच ‘एका पक्षाला मत देणारा सर्वत्र त्याच पक्षाला देतो’ असे गृहीत धरावयाचे, यात विसंगती आहे. न्यायालयाने जे साहचर्य वापरले ते पत्रिकेतील चिन्हांचे साहचर्य कमी आणि पक्षांविषयीच्या लौकिक अनुभवाचे अधिक होते. लौकिक अनुभव खोटा नसतो. परंतु तो मतदाराचे म्हणणे नसतो. मेजावरच्या दोन अधिकाऱ्यांचा पहिला निर्णयच अधिक शास्त्रशुद्ध होता असे या कारणाने म्हणावे लागते.

याचा अर्थ न्यायाधीशांनी कायदा डावलला असा मात्र नाही. मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर केवळ खूण विधिवत् नाही म्हणून मत बाद करू नये, हे तत्त्व व्हर्जिनियाच्या व्यवस्थेला मान्य आहे. हाताने मोजणी करणाऱ्यांकरिता तेथील राज्य निवडणूक मंडळाने निरनिराळ्या खुणांच्या नमुन्यांची एक सचित्र पुस्तिकाच केलेली आहे. ती पुस्तिका म्हणजे एका अर्थाने या चिन्हभाषेचे व्याकरण होय. आणि प्रत्येक व्याकरणाप्रमाणे तिलाही प्रयोगाने गाठलेच. लोकांच्या हातून उमटणाऱ्या खुणांची संख्या अमर्याद आहे आणि सूत्रे मोजकी आहेत.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. या निवडणुकीच्या अवघे दोन महिने आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, राज्य निवडणूक मंडळाने पडद्याला स्पर्श करून मत नोंदविण्याच्या सर्व यंत्रांची मान्यता सुरक्षिततेच्या कारणास्तव काढून घेतली होती, आणि त्यामुळे नोव्हेंबरमध्ये सबंध राज्यात कागदी मतपत्रिकाच वापरल्या गेल्या. स्पर्शयंत्र दोन मते घेत नाही, आणि त्यावर रेघही ओढता येत नाही. कागद खाडाखोड जपून ठेवतो. यंत्र केवळ अंतिम निवड ठेवते. पाठचिकित्सेशी परिचय असलेल्यांना या भेदाचे महत्त्व सांगावयास नको. हस्तलिखितात लेखकाची द्विधा मनःस्थिती दिसते, छापील प्रतीत ती दिसत नाही. म्हणून छापील प्रत निःसंदिग्ध असते, पण ती अधिक प्रामाणिक असतेच असे नाही.

भारतातील अनुभव या संदर्भात तुलनेला घेण्यासारखा आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात येथे मतदाराच्या हाती लेखणी न देता बाणांकित फुलीचा रबरी शिक्का दिला जात असे. साक्षरतेचे प्रमाण अल्प असलेल्या देशात ही व्यवस्था सोयीची होतीच, परंतु तिचा आणखी एक परिणाम झाला: खुणेचा आकार मतदाराच्या हातून काढून घेतला गेला. काय उमटवावयाचे हे ठरलेले; कोठे उमटवावयाचे एवढेच मतदाराने ठरवावयाचे. संदिग्धता मग आकारातून निघून स्थानात शिरली. शिक्का दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर पडे, किंवा ओल्या शाईची घडी घातल्यामुळे दुसऱ्या नावापुढे प्रतिबिंब उमटे. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतील ५६व्या नियमाने कोणती पत्रिका बाद करावयाची याची कारणे दिली आहेत. त्याच नियमात खूण अस्पष्ट आहे किंवा एकाहून अधिक वेळा केलेली आहे एवढ्याच कारणाने, विशिष्ट उमेदवाराला मत देण्याचा हेतू पत्रिकेवरून स्पष्ट होत असल्यास, ती बाद करू नये असेही म्हटले आहे. म्हणजे तत्त्व तेच. मात्र एका पदाला एकच पत्रिका असल्यामुळे शेजारच्या पदावरून हेतू ताडण्याचा मोह सहसा उद्भवतच नाही.

मतदानयंत्रे आल्यानंतर खुणेच्या अर्थाचा प्रश्न जवळजवळ संपला, पण निसटत्या निकालांचा प्रश्न संपला नाही. कर्नाटकात संतेमरहळ्ळी मतदारसंघात २००४ साली ४०,७५२ विरुद्ध ४०,७५१ आणि राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात २००८ साली ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५ असे निकाल लागले. नाथद्वाऱ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परंतु तेथे भांडण मताच्या अर्थाचे नव्हते, मतदाराच्या ओळखीचे होते. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असे आढळलेल्या मतदारांनी निराळ्या पत्रिकेवर दिलेली मते धरावयाची की नाहीत, असा तो प्रश्न होता. चिन्ह निःसंदिग्ध झाले की वाद वक्त्याकडे सरकतो.

समसमान मते पडल्यावर काय करावयाचे याविषयी दोन्हीकडचे कायदे चिठ्ठीचाच मार्ग सांगतात, परंतु त्यांची भाषा भिन्न आहे. भारताच्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे ६५वे कलम असे सांगते की निर्वाचन अधिकाऱ्याने चिठ्ठी टाकून निर्णय करावा आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक मत अधिक मिळाले असे समजून पुढील कार्यवाही करावी. व्हर्जिनियाचा कायदा उघडपणे चिठ्ठी टाकून कोण निवडून आला ते ठरविण्यास सांगतो. मताचा तो उल्लेखच करीत नाही. भारतीय कलमातील ‘असे समजून’ ही कल्पना मोठी अर्थपूर्ण आहे. दैवाने निवडलेला उमेदवारही कागदोपत्री लोकांनीच निवडला पाहिजे, याकरिता कायदा एका नसलेल्या मतदाराची निर्मिती करतो. व्हर्जिनियाचा कायदा असा संकोच बाळगीत नाही. मुंबई महानगरपालिकेच्या फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीतही २२० क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना समान मते पडून निर्णय चिठ्ठीनेच करावा लागला होता.

व्हर्जिनियातील सोडत प्रथम २७ डिसेंबरला ठरली होती. सायमंड्स यांनी न्यायालयाला फेरविचाराची विनंती केल्यामुळे ती लांबली. ३ जानेवारी २०१८ रोजी ती विनंती फेटाळली गेली आणि ४ जानेवारीला रिचमंड येथे राज्य निवडणूक मंडळाने चिठ्ठी काढली. दोन कागदांवर दोन नावे लिहून ती छायाचित्रणाच्या फितीच्या दोन रिकाम्या डब्यांत घातली गेली, डबे एका मृत्तिकापात्रात टाकले गेले. हे निळ्या-पांढऱ्या रंगाचे पात्र राज्याच्या कलासंग्रहालयाकडून आणलेले होते. मंडळाचे अध्यक्ष जेम्स अल्कॉर्न यांनी एक डबा उचलला. त्यातून यान्सी यांचे नाव निघाले.

इंग्रजीतील मतपत्रिकावाचक ‘बॅलट’ हा शब्द इटालियन भाषेतील लहान गोळी या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. गुप्त मतदानासाठी पात्रात गोळ्या टाकण्याची चाल होती, तिचा तो अवशेष. सुमारे चोवीस हजार लंबवर्तुळे वाचून झाल्यावर निवडणूक शेवटी एका पात्रात आणि दोन लहान वस्तूंत येऊन थांबली, तेव्हा तो शब्द आपल्या मूळ घरी परतला असे म्हणता येईल. तमिळनाडूतील उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेखांत ग्रामसभेच्या समित्यांकरिता पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घड्यात टाकावीत आणि लहान मुलाच्या हातून काढवावीत, अशी व्यवस्था सांगितली आहे. तेथे चिठ्ठी हीच निवडीची मुख्य रीत होती, नाइलाजाचा उपाय नव्हे. उमेदवाराची पात्रता आधी काटेकोरपणे तपासल्यावर उरलेल्यांत दैवाने निवडण्यास त्या समाजाला कमीपणा वाटत नसावा. आधुनिक मनाला मात्र तो वाटतो, आणि ४ जानेवारीच्या प्रसंगाचे वृत्तांत वाचताना ही अस्वस्थता जागोजाग जाणवते.

नियमानुसार सोडतीत हरलेल्या उमेदवाराला पुन्हा फेरमोजणी मागता येत होती. सायमंड्स यांनी ती मागितली नाही. १० जानेवारीला अधिवेशन सुरू झाले त्याच दिवशी त्यांनी पराभव मान्य केला. गृहात रिपब्लिकनांचे ५१ आणि डेमोक्रॅटांचे ४९ सदस्य झाले. याच निवडणुकीत फ्रेडरिक्सबर्गजवळच्या २८व्या मतदारसंघात शंभराहून अधिक मतदारांना चुकीच्या मतदारसंघाच्या मतपत्रिका दिल्या गेल्या होत्या आणि तेथील निकाल त्याहून कमी मतांच्या फरकाने लागला होता. ९४व्या मतदारसंघातील नाट्यामुळे ही गोष्ट झाकली गेली, हे योग्य झाले नाही; कारण संदिग्ध रेघेपेक्षा चुकीची पत्रिका हा अधिक गंभीर दोष आहे. रेघेच्या बाबतीत मतदार काही तरी बोलला होता. येथे त्याला बोलण्याकरिता दुसऱ्याच संभाषणात बसविले गेले.

ज्या प्रश्नावर हे सारे अवलंबून आहे असे वाटत होते तो मेडिकेडचा प्रश्न चिठ्ठीने सुटला नाही, आणि अडलाही नाही. ३० मे २०१८ रोजी रिपब्लिकन बहुमत असलेल्या त्याच विधिमंडळाने योजनेच्या विस्ताराला मान्यता दिली, राज्यपाल राल्फ नॉर्थम यांनी ७ जूनला स्वाक्षरी केली, आणि १ जानेवारी २०१९ पासून विस्तार अमलात आला. अनेक रिपब्लिकन सदस्यांनी त्याच्या बाजूने मत दिले होते. पंधरा जागा गमावलेल्या पक्षाने निकालाचा जो अर्थ वाचला तो एका जागेच्या निकालाने बदलला नाही. मात्र सभापती कोण आणि समित्यांवर बहुमत कोणाचे, हे त्या एका रेघेनेच ठरले होते, हेही विसरता येत नाही.

मतदारसंघाच्या सीमेचा इतिहास याहून दीर्घ आहे. २०११ साली आखलेल्या नकाशात बारा मतदारसंघांमध्ये कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण आधी ठरवून तेवढे भरण्यात आले, असा दावा काही मतदारांनी २०१४ मध्ये दाखल केला. जून २०१८ मध्ये संघीय न्यायालयाने त्यांपैकी अकरा मतदारसंघ घटनाबाह्य ठरविले. त्या अकरांत ९४वा नव्हता. त्याच्या शेजारचा ९५वा होता. शेजाऱ्याची भिंत सरकली की आपलीही सरकते. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाच्या साहाय्याने २०१९ च्या आरंभी नवा नकाशा झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाचे अपील, ते करण्याचा त्या गृहाला अधिकारच नाही या कारणाने, निकालात काढले. नोव्हेंबर २०१९ मध्ये बदललेल्या सीमांच्या ९४व्या मतदारसंघात यान्सी आणि सायमंड्स पुन्हा समोरासमोर आले. या वेळी सायमंड्स मोठ्या मताधिक्याने विजयी झाल्या, आणि प्रतिनिधिगृहाची सत्ताही ५५ विरुद्ध ४५ अशी डेमोक्रॅटांकडे गेली. मतपत्रिकांवर तिरप्या रेघा त्या वेळीही असतील. त्या वाचण्याची गरज कोणाला भासली नाही.

२०२० च्या जनगणनेनंतर पुन्हा सीमा आखावयाच्या होत्या. त्याकरिता घटनादुरुस्तीने स्थापन झालेल्या आयोगात एकमत न झाल्यामुळे ते काम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये नवे नकाशे मंजूर झाले. या वेळी केवळ सीमा नव्हे, क्रमांकही नव्याने दिले गेले. २०२३ च्या निवडणुकीत सायमंड्स न्यूपोर्ट न्यूजमधूनच निवडून आल्या, परंतु त्यांच्या मतदारसंघाचा क्रमांक ७० झाला होता. ९४ हा आकडा खाडीपलीकडील नॉरफोक शहरातील एका मतदारसंघाला मिळाला.